लक्षणे ओसरल्यानंतरचे आयुष्य मोजताना

मानसिक आजारावरील उपचारांना यश आले की नाही, हे ठरवण्यासाठी मनोविकारशास्त्राने गेल्या साठ-पासष्ट वर्षांत ज्या मोजपट्ट्या तयार केल्या, त्यांतील बहुतेक आजाराच्या लक्षणांभोवती बांधलेल्या आहेत. नैराश्यासाठी मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेली श्रेणी असो किंवा स्किझोफ्रेनियासाठी, म्हणजे छिन्नमनस्कतेसाठी, १९८७ पासून वापरात असलेली ‘पॅन्स’ ही तीस बाबींची श्रेणी असो, दोन्हींमध्ये डॉक्टर रुग्णाशी बोलून त्याची उदासी, झोप, संशय, भास यांची तीव्रता आकड्यांत नोंदवतात. पॅन्समध्ये प्रत्येक बाबीला एक ते सात असे गुण असल्यामुळे एकूण बेरीज ३० च्या खाली उतरू शकत नाही आणि २१० च्या वर चढत नाही. उपचारांनंतर ती किती उतरली यावरून औषधाचा परिणाम ठरतो. एखादे औषध उपयोगी आहे की नाही हे तपासण्यासाठी ही पद्धत रास्तच आहे. मात्र कानात येणारे आवाज थांबलेला माणूस सकाळी उठून कुठे जातो, दिवसभरात त्याच्याशी कोण बोलते, खर्चायला त्याच्या हातात स्वतःचे पैसे असतात का आणि पुढच्या वर्षाबद्दल त्याला काही वाटते का, यांपैकी एकाही प्रश्नाचे धड उत्तर त्या बेरजेत सापडत नाही.

लक्षणे आणि आयुष्य यांच्यातील हे अंतर किती मोठे असू शकते, याचा पुरावा लंडनमध्ये मिळाला. उत्तर लंडनमधील फ्रायर्न आणि क्लेबरी ही दोन मोठी मनोरुग्णालये टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरल्यावर, तेथे वर्षानुवर्षे राहिलेल्या लोकांचे बाहेर पडल्यावर काय होते हे पाहण्यासाठी मनोविकारतज्ज्ञ ज्युलियन लेफ यांच्या नेतृत्वाखाली एक अभ्यासगट कामाला लागला आणि त्याने ६७० जणांच्या पाच वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध केले. या पाच वर्षांत त्यांच्या आजाराच्या लक्षणांत म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता. तरीही घर सांभाळण्याची आणि वस्तीत वावरण्याची कौशल्ये वाढली होती, मित्र मिळाले होते, मनातले बोलावे असे कोणीतरी भेटले होते आणि बहुतेकांना रुग्णालयात परत न जाता नव्या घरीच राहायचे होते. केवळ लक्षणांची श्रेणी वापरली असती, तर एवढा खटाटोप करून काहीच हाती लागले नाही, असाच अहवाल लिहावा लागला असता.

‘बरे होणे’ या कल्पनेचा अर्थही याच काळात बदलत होता. वैद्यकीय अर्थाने बरे होणे म्हणजे लक्षणे जाणे आणि पूर्वीची कार्यक्षमता परत येणे. याच्या शेजारी, स्वतः आजारातून गेलेल्या लोकांच्या लेखनातून आणि चळवळींतून दुसरा एक अर्थ पुढे आला, ज्याची मांडणी अमेरिकी पुनर्वसनतज्ज्ञ विल्यम अँथनी यांनी १९९३ साली केली: आजाराने घातलेल्या मर्यादा शिल्लक असतानाही समाधानाचे, आशेचे आणि काही हातभार लावणारे आयुष्य जगता येणे, ही बरे होण्याची एक वाट आहे, आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. त्याआधी १९८७ साली कोर्टने हार्डिंग यांनी व्हरमाँट राज्यातील मनोरुग्णालयाच्या मागच्या वॉर्डांतून बाहेर पडलेल्या २६९ जणांचा सरासरी ३२ वर्षांनंतर मागोवा घेतला होता आणि निम्म्या ते दोन-तृतीयांश लोकांची स्थिती बरीच सुधारली किंवा ते पूर्ण बरे झाले असे दाखवले होते. स्किझोफ्रेनिया म्हणजे उतरणीला लागलेले आयुष्य, ही त्या काळची ठाम समजूत यामुळे हलली. एकदा असे आयुष्य शक्य आहे हे मान्य केले की ते कसे चालले आहे हे विचारावे लागते, आणि विचारायचे तर पद्धतशीरपणे विचारावे लागते.

जीवनगुणवत्ता म्हणजे काय, याची सर्वांत जास्त वापरली जाणारी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात केली. माणूस ज्या संस्कृतीत आणि मूल्यव्यवस्थेत राहतो तिच्या संदर्भात, आणि त्याची स्वतःची उद्दिष्टे, अपेक्षा, मानदंड व काळज्या लक्षात घेऊन, आयुष्यातील स्वतःच्या स्थानाबद्दल त्याला जे वाटते ती त्याची जीवनगुणवत्ता, असा तिचा आशय आहे. या व्याख्येत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक, निर्णय त्या माणसाचा आहे, डॉक्टरांचा किंवा घरच्यांचा नाही. आणि दुसरी, तो निर्णय हवेत होत नाही, आजूबाजूचे लोक कसे जगतात आणि आपण कशाची आशा धरावी हे ज्या समाजाने शिकवले त्यात राहूनच होतो. या दोहोंतला ताण पुढच्या सगळ्या मोजमापाला व्यापून राहिला आहे.

ही व्याख्या प्रश्नांत उतरवण्यासाठी संघटनेने अवलंबलेली रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. तोपर्यंतच्या बहुतेक प्रश्नावल्या अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये इंग्रजीत तयार होत आणि नंतर इतर भाषांत नेल्या जात. या प्रकल्पात मात्र जगातील पंधरा केंद्रांनी एकाच वेळी काम केले आणि त्यांतली दोन केंद्रे भारतात, दिल्ली व मद्रास येथे होती. प्रत्येक केंद्रात रुग्ण, निरोगी माणसे आणि आरोग्यसेवक यांच्या गटचर्चा झाल्या, त्यांतून स्थानिक भाषेत प्रश्न लिहिले गेले आणि मग सर्व केंद्रांतील प्रश्नांची छाननी करून शंभर प्रश्नांची मोठी प्रश्नावली सिद्ध झाली. उत्तराच्या पाच पायऱ्यांसाठीचे शब्दसुद्धा कोशातून उचललेले नव्हते. ‘अजिबात नाही’ आणि ‘अतिशय’ यांच्यामधल्या दहा सेंटिमीटरच्या रेषेवर ‘थोडेसे’, ‘बरेच’ यांसारखे शब्द कुठे पडतात हे लोकांकडून खुणा करून घेऊन ठरवले गेले, जेणेकरून एका भाषेतला मधला पर्याय दुसऱ्या भाषेतही मधोमधच यावा.

शंभर प्रश्न दवाखान्याच्या रांगेत विचारणे शक्य नसल्यामुळे १९९८ साली २६ प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि आज संशोधनात तीच सर्वाधिक दिसते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारणाऱ्या या प्रश्नांपैकी पहिले दोन एकंदर आयुष्य आणि एकंदर आरोग्य यांविषयी असतात. उरलेले २४ चार क्षेत्रांत विभागलेले असतात: शारीरिक क्षेत्राचे सात, मानसिक क्षेत्राचे सहा, सामाजिक संबंधांचे तीन आणि परिसराचे आठ. परिसर या क्षेत्रात सुरक्षितता, पैसा, राहते घर, विरंगुळा, आवश्यक माहिती, आरोग्यसेवा आणि प्रवासाची सोय असे विषय येतात, म्हणजे आजाराशी थेट नाते नसलेल्या पण आजारी माणसाचे आयुष्य घडवणाऱ्या बाबी. प्रत्येक क्षेत्राचे गुण वेगळे काढले जातात आणि चारही क्षेत्रे मिळून एकच बेरीज करायची नाही, असा या साधनाचा दंडक आहे. तो फार महत्त्वाचा आहे, कारण बेरीज केली की चांगल्या घरात राहणारा पण कोणीही मित्र नसलेला माणूस आणि झोपडीत राहणारा पण माणसांनी वेढलेला माणूस एकाच आकड्यावर येऊन बसतात आणि दोघांना लागणारी मदत सारखीच असल्याचा भास निर्माण होतो. सामाजिक संबंधांसाठी अवघे तीनच प्रश्न असणे ही मात्र या आवृत्तीची लंगडी बाजू म्हणावी लागेल. त्यांतला एक लैंगिक आयुष्याबद्दलचा असून भारतीय अभ्यासांत तो अनेकदा कोरा सोडला जातो. उरलेल्या दोन प्रश्नांवर आई-वडील, भावंडे, सासर-माहेर आणि शेजारी या सगळ्यांचा भार पडतो.

येथपर्यंत अडचण तांत्रिक आहे. खरी अडचण पुढे येते, आणि ती मानसिक आजाराच्या बाबतीतच इतकी तीव्र असते. ज्या मनाने उत्तर द्यायचे तेच मन आजारी असेल, तर त्या उत्तराला किती वजन द्यावे? ऑस्ट्रियाचे मनोविकारतज्ज्ञ हाइन्झ काट्शनिग यांनी या प्रश्नाची तीन अंगे दाखवली. नैराश्यात असलेला माणूस स्वतःचे घर, पैसा, नाती हे सगळेच प्रत्यक्षात असते त्याहून काळे पाहतो, तर उन्मादाच्या अवस्थेतील माणूस सगळे उजळ पाहतो. संभ्रमात असलेल्या माणसाचे उत्तर वास्तवाला सोडून असू शकते. आणि ज्याची विचारशक्ती किंवा स्मृती आजाराने मंदावली आहे, त्याला स्वतःच्या आयुष्याचा ताळेबंद मांडणेच जड जाते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अॅटकिन्सन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात हेच समोर आले: स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांची बाह्य परिस्थिती नैराश्य किंवा द्विध्रुवी विकार असलेल्यांपेक्षा वाईट होती, तरीही स्वतःच्या आयुष्याबद्दलचे त्यांचे समाधान जास्त होते. ज्याच्यापाशी कमी, तो अधिक समाधानी, असे हे उलटे गणित होते.

या गणिताचा एक अर्थ असा लावता येतो की रुग्णाला विचारण्यात हशील नाही आणि प्रशिक्षित मुलाखतकारानेच गुण द्यावेत. १९८४ साली हाइनरिक्स, हॅनलॉन आणि कार्पेंटर यांनी स्किझोफ्रेनियासाठी तयार केलेली २१ बाबींची श्रेणी याच विचारातून आली. तीत मुलाखतकार माणसाची नाती, कामातील भूमिका, जिज्ञासा आणि प्रेरणा यांना शून्य ते सहा गुण देतो; एका बाबीत तर पाकीट, किल्ली, घड्याळ अशा रोजच्या वस्तू त्या माणसापाशी आहेत का, हेही पाहिले जाते. या श्रेणीने संशोधनात मोठे काम केले, पण तिला जीवनगुणवत्तेची श्रेणी म्हणणे कितपत योग्य, हा वाद कायम आहे. किल्ली खिशात नसणे हे अमेरिकेतल्या शहरात एकटेपणाचे किंवा परावलंबनाचे लक्षण असेल. दिवसभर घरात कोणी ना कोणी असणाऱ्या कोकणातल्या घरात किल्लीचा संबंधच काय? तिच्या काही बाबी स्किझोफ्रेनियातील निरिच्छता, अलिप्तता यांसारख्या उणेपणाच्या लक्षणांना इतक्या जवळ जातात की शेवटी लक्षणेच दुसऱ्या नावाने मोजली जातात.

दुसरा अर्थ अधिक अस्वस्थ करणारा आहे आणि तो अधिक खरा वाटतो. ज्याचे शिक्षण विसाव्या वर्षी सुटले, लग्न झाले नाही, नोकरी मिळाली नाही आणि मिळेल अशी आशाही कोणी दाखवली नाही, तो माणूस हळूहळू आपली अपेक्षा परिस्थितीच्या मापाची करून घेतो. मग त्याला विचारले असता तो ‘ठीक आहे’ म्हणतो आणि खोटे बोलत नसतो. समाधान म्हणजे मिळालेले आणि अपेक्षिलेले यांतील अंतर असेल, तर ते दोन रीतींनी कमी होते: मिळणारे वाढून किंवा अपेक्षा मरून. प्रश्नावलीवरची खूण या दोहोंतला फरक सांगत नाही. म्हणूनच माणसाचे स्वतःचे उत्तर अग्रभागी ठेवूनही ते त्याच्या प्रत्यक्ष परिस्थितीच्या नोंदीशेजारी वाचावे लागते, आणि दोन्हींची बेरीज करण्याचा मोह टाळावा लागतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अँथनी लेमन यांनी १९८० च्या दशकात तयार केलेल्या मुलाखतीत ही जोडी मुद्दाम सांभाळली आहे: घर, कुटुंब, पैसा, काम अशा प्रत्येक क्षेत्रात आधी काय आहे ते विचारायचे आणि मग त्याबद्दल कसे वाटते ते विचारायचे. ही मुलाखत लांबलचक असल्याने युरोपात तिच्या धर्तीवर छोटी साधने निघाली. त्यांपैकी स्टेफान प्रीबे व सहकाऱ्यांचे ‘मान्सा’ हे १९९९ चे साधन फक्त सोळा प्रश्नांचे आहे. त्यातल्या बारा प्रश्नांना समाधानाच्या सात पायऱ्यांवर उत्तर द्यायचे असते. उरलेल्या चारांची उत्तरे हो किंवा नाही अशी असतात. जवळचा म्हणावा असा कोणी मित्र आहे का, गेल्या आठवड्यात एखाद्या मित्राची भेट झाली का, मागच्या वर्षात गुन्ह्याचा आरोप झाला का, आणि कोणी मारहाण केली का, हे ते चार प्रश्न. बारा प्रश्नांत समाधानी दिसणाऱ्या माणसाने या चारांतल्या दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हटले असेल, तर वाचणाऱ्याने थांबून विचार करावा, अशी ही रचना आहे.

नैराश्याचा चष्मा मात्र यानेही पूर्णपणे उतरत नाही. समाधानाच्या गुणांशी सर्वांत घट्ट नाते मनःस्थितीचे, विशेषतः उदासी आणि चिंतेचे असते, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. यावर काहींचा आक्षेप असा की मग जीवनगुणवत्ता वेगळी मोजायचीच कशाला, उदासी मोजली की झाले. आक्षेप अर्धवट खरा आहे. उदासीत दिवस काढणाऱ्याचे आयुष्य त्याच्यासाठी खरोखरच वाईट असते, त्याला केवळ मोजमापातील चूक म्हणून वजा करून टाकणे हे त्या माणसावर अन्याय करणारे आहे. पण त्याच्या घरात, नात्यांत किंवा कामात काय बदलायला हवे, हे उदासीचा आकडा एकटा सांगत नाही.

ब्रिटनमध्ये शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी या साऱ्या अनुभवातून पुढे जाऊन ‘रिकव्हरिंग क्वालिटी ऑफ लाइफ’, संक्षेपाने ‘रिक्वॉल’, हे साधन २०१८ साली प्रसिद्ध केले. मानसिक आजार असलेल्या लोकांच्या मुलाखतींवर आधारित आधीच्या अभ्यासांचा आढावा घेताना त्यांना सहा विषय वारंवार आढळले: बरे वाटणे व त्रास होणे, आयुष्यावर आपला ताबा असणे, स्वतःकडे पाहण्याची दृष्टी, कुणाचे तरी असणे, काही अर्थपूर्ण करत राहणे, आणि आशा किंवा निराशा. नव्या मुलाखती घेतल्यावर सातवा विषय जोडावा लागला तो शारीरिक आरोग्याचा. औषधांनी वाढणारे वजन, सुस्ती, मधुमेह यांच्याशी झगडणाऱ्या लोकांना तो सुचला नसता तरच नवल. प्रश्नांची निवड करताना सेवा घेणारे लोक सल्लागार म्हणून सोबत बसले होते आणि चाचणीत सहा हजारांहून अधिक सेवार्थींनी भाग घेतला. मोठ्या आवृत्तीत वीस आणि छोट्या आवृत्तीत दहा प्रश्न असून दोन्हींना शारीरिक आरोग्याचा एकेक प्रश्न जोडलेला असतो. गेल्या आठवड्यातील अनुभवाबद्दलच्या छोट्या आवृत्तीत प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण मिळतात आणि बेरीज चाळीसपर्यंत जाते. दोन भेटींत पाच किंवा अधिक गुणांचा फरक पडला तरच तो भरवशाचा बदल मानायचा, असे संशोधकांनी सुचवले. त्याहून लहान चढउतार मोजमापाच्या स्वाभाविक हालचालीतही होऊ शकतो. त्यांनी एक बेरीज करू दिली हे जागतिक आरोग्य संघटनेच्या दंडकाशी विसंगत आहे, परंतु दवाखान्यात दोन मिनिटांत भरता येईल आणि वर्षभर पाहता येईल असे साधन हवे असेल तर ही तडजोड समजण्याजोगी आहे, मात्र त्या बेरजेमागचे दहा वेगळे प्रश्न समुपदेशकाने एकेक करून पाहिले पाहिजेत.

अशा कोणत्याही साधनाकडून शास्त्र तीन गोष्टी मागते. परिस्थिती बदललेली नसताना आज आणि आठवड्याने घेतलेले उत्तर जवळपास सारखे यावे, ही त्याची विश्वसनीयता. जे मोजायचे म्हटले आहे तेच मोजले जावे, ही सप्रमाणता. आणि आयुष्यात खरा बदल झाला तर आकडाही हलावा, ही बदल टिपण्याची क्षमता. भाषा बदलली की तिन्ही पुन्हा तपासाव्या लागतात, त्यामुळे हिंदीत किंवा इंग्रजीत सिद्ध झालेले साधन मराठीत आणले की काम संपले असे होत नाही.

आकडा हाती आला की त्यावर पैशाचे निर्णयही होतात. आरोग्य-अर्थशास्त्रात पूर्ण आरोग्यात गेलेले एक वर्ष म्हणजे एक आणि मृत्यू म्हणजे शून्य असे धरून, उपचारांमुळे मिळालेल्या वर्षांना त्यांतील आरोग्याच्या पातळीने गुणतात, आणि अशा एका ‘गुणवत्ता-समायोजित वर्षा’मागे किती खर्च आला हे पाहून सार्वजनिक पैसा कुठे घालावा हे ठरवतात. ही पातळी मोजण्यासाठी युरोपात घडलेली ‘ईक्यू-फाइव्ह-डी’ ही पाच प्रश्नांची प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. चालणे-फिरणे, स्वतःची निगा, नेहमीची कामे, वेदना आणि चिंता-उदासी हे तिचे पाच विषय. म्हणजे मनाच्या वाट्याला पाचातला एक. भारतीय लोकांच्या पसंतीवर आधारलेले या प्रश्नावलीचे मूल्यांक चंदीगडच्या स्नातकोत्तर वैद्यकीय संस्थेतील संशोधकांच्या नेतृत्वाखाली २०२२ साली तयार झाले. नैराश्य आणि चिंता यांच्या बाबतीत ही प्रश्नावली बऱ्यापैकी काम करते. स्किझोफ्रेनियात तिची कामगिरी संमिश्र असल्याचे शेफील्डमधील आढाव्याने २०११ मध्ये दाखवले होते. आशा परत येणे, एकटेपणा कमी होणे, माणसांवर विश्वास टाकता येणे अशा बदलांना ज्या मोजणीत जागाच नाही, तिच्या आधारे गोळ्या आणि पुनर्वसन केंद्र यांची तुलना केली तर पारडे गोळ्यांकडे झुकणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

महाराष्ट्रात या विषयाशी जवळचे नाते असलेल्या लोकांनी आपली वेगळी परिभाषा घडवली आहे. आजार असलेल्या व्यक्तीला ‘शुभार्थी’ आणि तिची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याची रीत ठाणे-पुण्यातील स्वमदत गटांत रुळली. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था १९९७ साली उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी स्वतः शुभंकर होते आणि व्यवसायाने कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. संख्याशास्त्रातल्या माणसाने लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी स्किझोफ्रेनियावरील ‘देवराई’ या चित्रपटाचा मार्ग निवडावा, हे पुरेसे बोलके आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतील तिरुपोरूर येथे स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांवर झालेला आणि २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तर थेट येथल्या मातीतला. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन मदत करू लागले, तर केवळ दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा लक्षणे आणि असमर्थता माफक प्रमाणात का होईना अधिक कमी होतात, असे त्यात दिसले. या कामाच्या तयारीसाठी शुभार्थी आणि शुभंकर यांना कोणता बदल हवा आहे हे विचारले गेले, तेव्हा लक्षणे आटोक्यात येण्याबरोबरच नोकरी वा शिक्षण, लोकांत मिसळणे, आणि घरातल्या आपल्या वाट्याच्या जबाबदाऱ्या पार पाडता येणे यांना त्यांनी मोठे स्थान दिले. शेवटची अपेक्षा पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत सहसा अशा रूपात येत नाही. स्वातंत्र्य आणि स्वतःची निवड यांवर भर देणाऱ्या साधनात बहिणीच्या लग्नात धावपळ करता आल्याचा आनंद कुठल्या रकान्यात नोंदवायचा, हे कोणी तरी ठरवायला हवे.

भारतात शासकीय पातळीवर मोजली जाते ती असमर्थता. भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या पुनर्वसन समितीने तयार केलेल्या ‘आयडियाज’ या श्रेणीत स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांत शून्य ते चार गुण दिले जातात, आजाराचा कालावधी जोडला जातो, आणि येणारी टक्केवारी चाळीस किंवा अधिक असेल तर दिव्यांगत्वाच्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, त्यामुळे हे प्रमाणपत्र अनेक कुटुंबांना मोठा आधार ठरते. पण या मोजणीचा रोख नेमका उलटा असतो: काय करता येत नाही तेवढेच ती विचारते, आणि माणूस सुधारला की टक्केवारी घसरण्याची भीती मागे लागते. जीवनगुणवत्तेची नोंद तिच्यासोबत ठेवली, तर मदत मिळाल्याने आयुष्य कसे बदलले हे तरी कळेल. सवलतीची पात्रता ठरवण्यासाठी मात्र तिचा वापर होऊ नये, नाहीतर लोक ‘ठीक आहे’ म्हणायलाही घाबरतील.

या प्रश्नाची सर्वांत कठीण कसोटी येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत आहे, जिथे डॉक्टरांच्या दृष्टीने घरी जाण्याजोगे झालेले काही लोक घर नसल्याने किंवा घरच्यांनी नाकारल्याने राहून जातात. कुटुंब नाही, बेघर आहे किंवा वस्तीत सोय नाही एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे १९ वे कलम सांगते. तरीही जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र शासनास सांगावे लागले की बरे झालेल्यांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणे थांबवावे. लक्षणांच्या श्रेणीवर हे लोक यशस्वी रुग्ण होते. चेन्नईच्या ‘द बन्यन’ या संस्थेने अशा लोकांसाठी सुरू केलेल्या ‘होम अगेन’ या उपक्रमात चार-पाच जण साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात, मदतनिसाच्या सोबतीने राहतात, आणि तो महाराष्ट्रासह इतर राज्यांतही पोहोचला आहे. वीस वर्षे वॉर्डात काढलेल्या माणसाला तेथे असताना विचारले तर तो समाधानी असल्याचे सांगू शकतो. घरात राहायला आल्यावर पहिल्या काही महिन्यांत हाच आकडा खालीही येऊ शकतो, कारण आता त्याला स्वतःचे कपाट हवे असते, हातात पैसे हवे असतात, शेजाऱ्याने जेवायला बोलवावे असे वाटू लागते. मूल्यमापन करणाऱ्याने अशा वेळी उपक्रम फसला असे लिहू नये. मित्राची भेट, हातातले पैसे, स्वयंपाकघरात काय शिजवायचे हे कोण ठरवते, अशा गोष्टींची नोंद समाधानाच्या गुणांशेजारी ठेवावी, आणि पुढची प्रश्नावली सहा महिन्यांनी व वर्षाने, शक्य तर त्याच मुलाखतकाराकडून, पुन्हा भरून घ्यावी.